बंद दुकानाचा जबाब

काच कापायच्या हिऱ्याच्या टोकाला ते एवढंसं चाक, मोहरीएवढं, आणि आज ते फिरत नव्हतं... वनितानं अंगठ्याच्या नखानं त्याला ढकलून पाहिलं, बाटलीतल्या रॉकेलचा थेंब सोडला, पुन्हा ढकललं, तेव्हा कुठं फिरलं. नावाला हिरा, आत हिराबिरा काही नाही, साधं पोलादी चाक. पण तिचा नवरा नागसेन गिऱ्हाइकाला डोळा मारून सांगायचा की आमच्या घरात दागिना म्हणून हा एवढाच. काच कापताना ती अजूनही श्वास रोखून धरायची. रेघ एकदाच ओढायची, न थांबता—मध्ये हात अडला की पुढं काच आपल्या मनानं जाते—हे त्यानं तिला मुद्दाम शिकवलं नव्हतं, जेवताना कधीतरी बोलला होता आणि तिनं ऐकलं होतं, आणि तेवढ्यावर ती दुकान चालवत होती. तिनं पट्टी दाबून धरली, रेघ ओढली, टेबलाच्या काठावर काच ठेवून हलकेच दाबली. तुटली, पण शेवटाला जाऊन वाकडी. सकाळपासून ही दुसरी काच वाया गेली होती.

हात अडत होता हे तिला कळत होतं, का अडत होता तेही कळत होतं. दुपारी पालिकेच्या बाई जबाब घ्यायला येणार होत्या.

भोरच्या एसटी स्टँडच्या मागं पालिकेनं बांधलेल्या गाळ्यांतला हा कोपऱ्यातला गाळा. फोटोच्या फ्रेमा, काच, आरसे. गाळा नागसेनच्या नावावरचा, आणि नागसेन जाऊन दोन वर्षं होत आली तरी त्याच्याच नावावर, कारण थकलेलं भाडं चुकतं झाल्याशिवाय बायकोचं नाव लागत नव्हतं, आणि भाडं थकत चाललं होतं ते पार करोनापासून. मध्यंतरी पालिकेच्या सभेत ठराव झाला की ज्यांची दुकानं आदेशानं बंद राहिली त्यांचं त्या काळाचं भाडं सोडायचं, वरचा दंडही सोडायचा. चांगलाच ठराव होता, कुणी नावं ठेवावीत असं त्यात काही नव्हतं. अट एकच. दुकान पूर्ण बंद असायला हवं होतं. किराणा, दूध, औषधं विकणाऱ्यांना सूट नाही, आणि चोरून शटर वर करणाऱ्यांना तर मुळीच नाही. पालिकेचं माणूस येणार, शेजारच्या दुकानदाराला विचारणार, घरच्या वारसांना विचारणार, लिहून घेणार. सूट मिळाली तर उरलेलं वनिता रडतखडत फेडू शकत होती. नाही मिळाली तर गाळा पालिकेकडे परत आणि नव्यानं लिलाव, आणि लिलावात बोली लावायला तिच्याकडं होतं काय, तर हा हिरा.

म्हणजे सरळ होतं सगळं. "बंद होतं" एवढं म्हणायचं. दोन शब्द. शिवानी, तिची लेक, शाळेत निघताना म्हणालीसुद्धा, "आई, तू उगा टेन्शन घेती, बंदच तर व्हतं की दुकान." पोरीला तेवढंच माहीत होतं आणि तेवढंच माहीत असलेलं बरं होतं.

शेजारच्या मेडिकलमधून गंगाधर डोकावला. नागसेनचा दोस्त, वयानं मोठा, केस पिकले तरी थट्टेची खोड न गेलेला माणूस. करोनात त्याचं मेडिकल रोज उघडं, त्यामुळे त्याला सूट नाही, आणि रोज उघडं असल्यामुळेच शेजारी म्हणून साक्ष त्याची.

"वहिनी, सासूबाई आल्या नाहीत अजून?"

"येत्याल. उत्रोलीस्नं वडापनं यायचं म्हंजी गाडी भरंल तवा सुटनार."

"त्यांना समजावून ठेवलंत ना नीट? नाहीतर बाईंपुढं ते सुरू करतील, दुकानानं खाल्ला माझा ल्योक... मी बंद म्हणतोय आणि आई म्हणतेय दुकानात मेला, मग त्या बिचाऱ्या बाईनं लिहायचं काय?"

"सांगते की."

"सांगते नव्हे, सांगितलं म्हणा. गाळा जाईल हातचा."

"व्हय, सांगते," ती म्हणाली आणि तिसरी काच पुढं ओढली. गेले कितीतरी दिवस ती हेच म्हणत होती. सासू, लीलाबाई, भाकरी खायला बसली की वनिता मनाशी वाक्य जुळवायची—आत्या, बाई विचारतील तेव्हा दुकान बंद होतं असं सांगा—आणि वाक्य पूर्ण जुळलेलं असताना ते तोंडातून बाहेर न येता कालवणाच्या वाटीकडं, चुलीकडं, पोरीच्या गणवेशाकडं निघून जायचं. अवघड काय होतं त्यात? सासू काही अडाणी हट्टाची बाई नव्हती. एकदा सांगितलं असतं तर ऐकलं असतं तिनं. ऐकलं असतं, हीच तर अडचण होती.

दुकानानं खाल्ला माझा ल्योक. नागसेनला पुण्याच्या दवाखान्यातून परत आणलंच नाही, तिकडंच सगळं झालं, त्या दिवसापासून लीलाबाईच्या तोंडात हे वाक्य. दारात बसलेल्या बायांना, शेतात भेटलेल्या माणसांना, पुण्यानुमोदनाला आलेल्या पाहुण्यांना, वंदना संपता संपता. हजारदा सांगितलं, नको जाऊ, सगळं गाव घरात बसलंय, पर ह्याला दुकानाची वढ... सांजचं मेणबत्ती लावाया जातो म्हनायचा, आन् तितंच धरलं त्याला. बाया मान डोलवायच्या. आणि दरवेळी, दरवेळी, आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसलेल्या वनिताला असं वाटायचं की कुणीतरी आपल्या अंगावर पांघरूण टाकलं. हायसं वाटायचं. नवरा गेलेल्या बाईला हायसं वाटायचं... त्याची तिला लाज वाटायची, मग आठवडाभर म्हातारी दुकानाचं नाव काढायची नाही तेव्हा तिला कासावीस व्हायचं, आणि मग तीच काहीतरी विषय काढायची, शटरला ग्रीस घालायला हवं, असलं काही, म्हणजे म्हातारी सुरू करील.

आणि खोटं नव्हतंच ते. तो जात होता. मेणबत्ती हे निमित्त. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीपुढं अंधार नको म्हणून सांजच्याला सायकल काढायचा आणि गाळ्यात जाऊन शटर कंबरेएवढं वर घ्यायचा. दुसरी लाट. भोरात रोज कुणी ना कुणी जात होतं, इकडं कुणाचा बाप, तिकडं कुणाची जाऊ, आणि कुणालाही आपल्या माणसाचं तोंड बघायला मिळालेलं नव्हतं. पिशवीत बांधून नेलेलं माणूस. मग घरच्यांना फोटो हवा असायचा. कुणी लग्नातल्या घोळक्यातून एकच चेहरा कापून काढलेला पाठवायचा, कुणी रेशनकार्डावरचा, कुणी मोबाईलमधला हसताना हललेला. नागसेन तो मोठा करायचा, मागं निळा रंग भरायचा, काच कापायचा, पट्टी ठोकायचा आणि वर्तमानपत्रात गुंडाळून अर्ध्या शटरखालून बाहेर सरकवायचा. पलीकडं फक्त चपला दिसायच्या, असं त्यानं एकदा तिला सांगितलं होतं. चपलांवरून कळतं घरातलं कोण गेलंय ते. असं म्हणून हसला होता.

"न्हाई म्हनायचं की मग," ती तेव्हा चिडून म्हणाली होती.

"तेराव्याला आलेली मान्सं काय भिताडाकडं बगून हात जोडतील? आपल्यात बी पुण्यानुमोदन आसतंच की. काय तरी पुढं नको?" आणि मग तिची समजूत काढत म्हणाला, "मी त्यांना शिवत बी न्हाई गं. हिकडनं द्यायचं, तिकडनं त्यांनी घ्यायचं."

फ्रेम मात्र हातातून हातात जायची. शटरखालून फ्रेम जाते, आणि ज्या घरात माणूस मेलंय त्या घरचा श्वासही शटरखालून आत येतो... यायला काय लागतं? आलाच असणार. तिथूनच आला असणार. दुकानातूनच. वनितानं रेघ ओढली, काच काठावर दाबली, आणि या खेपेला सरळ तुटली. कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचा फोटो होता, पाळण्याभोवती जमलेल्या बायका, सगळ्या हसऱ्या.

पण त्याच्या आधी पासली होती, तिचं माहेर.

त्या श्वासाच्या आधी की नंतर? ते तिला नीट लावता येत नव्हतं, दोन वर्षं लावत होती तरी. पासलीहून ज्ञानूचा, तिच्या भावाचा, फोन आला की आईला ताप आहे आणि ती तुझं नाव घेते. एसट्या बंद. सासू म्हणाली, जाऊ नको. नागसेन म्हणाला, "जा. आई येकच आसती." त्यानंच दुधाच्या टेम्पोवाल्याला गळ घातली. टेम्पोनं नसरापूर, तिथून भाजीच्या गाडीत वेल्हे. वेल्ह्यात बाजार ठप्प, तहसील कचेरीपुढं पोलिसांनी बांबू आडवा टाकलेला, वर तोरणा नुसता उभा, आणि ज्ञानू गाडी घेऊन आडवाटेला लपून थांबलेला. आई, साळूबाई, पडवीत वाकळेवर पडली होती. वनितानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. दोन रात्री घेतलं. तपासणी वगैरे कुणी केली नाही, पासलीत तापाला ताप म्हणतात आणि म्हाताऱ्या माणसाच्या तापाला वय म्हणतात. आई गेली, माती दिली, आणि ती आली त्याच वाटेनं परत आली. तेव्हा खाचरांत राब भाजत होते सगळीकडं, भाताच्या रोपांची जागा पालापाचोळा टाकून भाजतात तसं, सगळा मावळ धुरानं भरलेला. घसा खवखवत होता तिचा.

"राबाचा धूर गेला घशात," ती घरी आल्याआल्या म्हणाली. कुणी विचारण्याआधीच म्हणाली.

आणि धूरच असेल! धूर काय कमी होता? लहानपणापासून दरसाल राबाच्या दिवसांत तिचा घसा बसायचा, आई गुळाचा खडा द्यायची. धूरच होता. पण मग माठामागं तोंड घालून खोकायचं कशाला? पदराचा बोळा करून दातात धरायचा कशाला? रात्री नागसेनकडं पाठ करून निजायचं, आणि त्यानं मायेनं, आईवेगळी झाली म्हणून, जवळ ओढलं तर... मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणायला हवं होतं की माझा घसा दुखतोय, मला पडवीत निजू दे. पण आई मेलेल्या दिवसांत कुणाला तरी बिलगून निजावंसं वाटतं. वाटलं मला. मी त्याच्या छातीत तोंड खुपसून रडले, खोकले, आणि तो पाठीवरून हात फिरवत राहिला.

मग त्याला ताप आला. तिचा घसा तोवर बराही झाला होता. तिला वासही येत होता सगळ्याचा, चव कळत होती. भोरच्या दवाखान्यातून त्याला पुण्याला हलवलं, गाडीत बसताना तो म्हणाला, आलोच. त्याचा स्वतःचा फोटो फ्रेम करायला भोरात कुणी नव्हतं. तिनंच केला, या टेबलावर, या हिऱ्यानं, आयुष्यात कापलेली पहिली काच, आणि ती अशी वेडीवाकडी कापली गेली की एका बाजूला फट राहिली आणि पावसाळ्यात तिथून ओल शिरली.

दुकान उघडं होतं, म्हणून तो दुकानात आजारी पडला. हे एक. दुकान बंद होतं, म्हणजे तो घरात होता, म्हणजे घरातून... घरात दुसरं कोण गेलं होतं बाहेर? म्हातारी? शिवानी? दोघी उंबरा ओलांडत नव्हत्या. इतकं साधं होतं. कुणालाही कळण्यासारखं. आजवर कुणी असा विचार केला नव्हता तो केवळ दुकान आडवं उभं होतं म्हणून, आणि आज तिनं आपल्या तोंडानं ते दुकान बंद करायचं होतं. गाळा राखायचा तर असंच राखता येत होतं. आणि न सांगता, म्हातारीला न समजावता, ती कशाची वाट बघत बसली होती, तेही तिला पक्कं ठाऊक होतं... म्हातारीनं बाईंपुढं ओरडून सांगावं. उघडं होतं म्हणून सांगावं. सरकारी कागदावर चढावं एकदाचं. गाळा जाईल, शिवानीची शाळा, किराणा, सगळं जाईल, लोक म्हणतील म्हातारीनं सुनेच्या पोटावर पाय दिला, आणि वनिता तोंडात पदर घेऊन रडेल, आणि आतून हायसं वाटेल तिला. इतकी वाईट आहे मी. आपल्याच विचाराची तिला शिसारी आली, पण विचार काही हलला नाही.

लीलाबाई आणि मालिनीबाई एकदमच आल्या. म्हातारी वडापातून उतरून रस्ता ओलांडत होती आणि पालिकेच्या बाईंनी तिचा दंड धरून तिला ओलांडून आणलं, कोण कोणाकडं निघालंय हे दोघींनाही माहीत नसताना. नागसेन गेल्यावर लीलाबाई दुकानात पाऊल टाकत नव्हती. आज टाकलं. उंबऱ्याशी थांबली, चपला काढल्या, भिंतीवरच्या रिकाम्या चौकटींवरून नजर फिरवली आणि वनितानं पुढं केलेल्या स्टुलावर बसली. वनितानं पाणी दिलं. मेडिकलमधून आलेला गंगाधर म्हातारीच्या मागं उभा राहून भुवया उडवत होता—सांगितलं का? सांगितलं का? वनितानं त्याच्याकडं पाहिलंच नाही.

मालिनीबाई चाळिशीच्या, आवाज मऊ, काम आटोपतं घेणाऱ्या. त्यांनी टेबलावरचे काचेचे तुकडे स्वतःच हातानं बाजूला सारले आणि कागद पसरला.

"घाबरायचं काही नाही हं. विचारते तेवढं सांगायचं. गंगाधरजी, तुम्ही आधी. आदेशाच्या काळात हे दुकान बंद होतं?"

"पूर्ण बंद," गंगाधर म्हणाला. "मी रोज शेजारीच होतो. माझ्या डोळ्यांदेखत."

"वनिताबाई, तुम्ही?"

वनितानं तोंड उघडलं. "बंदच... म्हंजी..." समोर म्हातारी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून बसली होती. "सांजचं येत हुते ते. कवा कवा."

बाहेर स्टँडवर स्वारगेटची गाडी लागल्याचं कुणीतरी ओरडत होतं. गंगाधर आधी लाल झाला आणि मग मोठ्यानं हसला. "अहो, मेणबत्ती लावायला! वहिनी पण ना, भारीच भोळ्या. मेणबत्ती लावली म्हणजे काय दुकान उघडलं का? मग देवळातल्या पुजाऱ्यालाही द्या की दुकानदाराचा परवाना!"

मालिनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या भिंतीकडं बघत होत्या, फ्रेमच्या पट्ट्यांचे नमुने टांगले होते तिकडं, तांबूस, सोनेरी, काळी. काळ्या पट्टीवर त्यांची नजर थांबली.

"माझ्या वडिलांचा फोटो या पट्टीतला आहे," त्या म्हणाल्या. "त्याच मे महिन्यातला. आम्हाला बघायलाही मिळाले नाहीत बाबा... तेराव्याच्या आदल्या दिवशी मिळाला फोटो."

लिहा, वनिता मनात म्हणाली. तुम्ही शटरपुढं उभ्या होतात ना? तुमच्याच चपला दिसल्या असतील त्याला. लिहा तेच. तुम्हाला फ्रेम कुणी दिली, कुठून दिली, तेवढंच लिहा, बाई.

"नागसेनदादांनी तो घरी बसून केला होता," मालिनीबाई तिच्याकडं सरळ बघत, एकेक शब्द सावकाश म्हणाल्या. "घरी काम करायला कुणाची मनाई नव्हती. हो ना?"

केवढी माया होती त्या बोलण्यात. ऋण फेडत होती ती बाई. गंगाधरही फेडत होता, आपल्या परीनं, खोटं बोलून, ज्या माणसानं आयुष्यात कुणाला शिळं औषध विकलं नाही त्यानं. आणि वनिताला वाटलं की ही सगळी चांगली माणसं नागसेनला दोन्ही बाजूंनी धरून उचलतायत, या टेबलापासून, या शटरपासून, आणि उत्रोलीच्या घरात नेऊन बसवतायत, आतल्या खोलीत, तिच्या अंथरुणावर. ज्या कामापायी तो गेला असेल ते काम त्यानं केलंच नव्हतं, असं ठरत होतं. आणि तिला ओरडता येत नव्हतं. राग आला तिला, सगळ्यांचा आला, त्याचाही आला.

"हो ना, वनिताबाई?"

"व्हय," वनिता म्हणाली.

"आणि आजी, तुमचाही जबाब लागेल. तुम्ही आई ना त्यांच्या? सांगा, दुकान बंद होतं की..."

गंगाधरनं डोळे मिटून घेतले. वनितानं मिटले नाहीत. ती म्हातारीच्या ओठांकडं बघत होती, आता ते वाक्य येणार होतं, हजारदा ऐकलेलं, दुकानाचा 'दु' ओठांवर धरून म्हातारी नेहमी जरा थांबायची तशी आताही थांबली होती.

"ल्हिवा," लीलाबाई म्हणाली. "दुकान बंद व्हतं. शटरला हात लावला न्हाई त्यानं. माझा ल्योक घरातच व्हता. घरातच पडला."

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. पेला तिनं टेबलावर ठेवला, काचेच्या तुकड्यांपासून जपून, आणि न सांगता अंगठा पुढं केला. मालिनीबाईंनी शाई लावली. वनितानं सही केली, गंगाधरनं केली. "मिळेल सूट," मालिनीबाई उठताना म्हणाल्या, "मी नीट टिपण लिहीन," आणि जाताजाता काळ्या पट्टीच्या नमुन्याला त्यांनी नुसतं बोट लावलं. गंगाधरनं सुटल्यासारखा श्वास सोडला, "वहिनी, म्हातारीला चांगलं पढवलंत की, आणि मला म्हणता सांगते, सांगते!" असं म्हणत तो हसत हसत मेडिकलमध्ये गेला. तिथं गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

दुकानात दोघीच उरल्या. लीलाबाई लुगड्याच्या काठाला अंगठा पुसत होती, शाई निघत नव्हती. वनितानं चिंधी शोधली, रॉकेलचे दोन थेंब टाकले आणि खाली बसून म्हातारीचा अंगठा हातात घेतला. गाळा राहिला होता. आनंद व्हायला हवा होता.

"आत्या, तुमाला गंगाधरकाकांनी सांगितलं व्हतं का, असं बोला म्हनून?"

"त्यो कशाला सांगंल?"

"मग..."

"मग काय? पोरीचं शिक्षान हाये. तुला दुसरं काय येतंय?" म्हातारी बाहेर बघत म्हणाली. वनिता अंगठा पुसत राहिली. मग लीलाबाई पुन्हा बोलली, तिच्याशी नव्हे, रस्त्याशी बोलावं तसं. "आता दुकानाला बोल लावता यायचा न्हाई. अंगठा दिला न्हवं. कुनाला तरी लावाया लागतो बोल, त्याबिगर घास उतरत न्हाई खाली. दुकान व्हतं तवर बरं व्हतं. दुकानाला काय, त्याला कुटं ऐकाया येतंय."

वनिताचा हात थांबला.

काय म्हणाली ही? दुकानाला ऐकू येत नाही, म्हणून दुकानाला... मग ऐकू येणारं कोण होतं घरात? तिनं ज्यामागं खोकला दाबला तो माठ आतल्या खोलीच्या भिंतीला लागून आणि भिंतीपलीकडं म्हातारीचं अंथरूण. तिला रात्री झोप नसते, कधीच नव्हती. बाया आल्या की ती मोठ्यानं सांगायची, आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं... ते पांघरूण तिनं टाकलं होतं? समजून उमजून? दोन वर्षं? की नुसतंच बोलून गेली ती, म्हातारं माणूस बोलतं तसं, आणि मीच...

तिनं वर पाहिलं. म्हातारीचा चेहरा होता तसाच होता, उन्हाकडं डोळे बारीक केलेला, त्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. विचारायला तोंड उघडावं तर काय विचारणार? जे विचारायचं त्यातच सांगायचं सगळं येत होतं. दोन वर्षं तिला एकच धास्ती होती, कधीतरी हिला कळेल. त्या धास्तीनं ती झोपायची आणि त्या धास्तीनं उठायची, आणि आता तो शाईचा अंगठा हातात धरून जमिनीवर बसलेली असताना तिला वेगळीच धास्ती वाटायला लागली, की हिला काहीच ठाऊक नसेल, आणि उद्यापासून घरात कुणी दुकानाचं नाव काढणार नाही, आणि हे सगळं पुन्हा आपण एकटीनंच सांभाळायचं. माहीत असू दे, ती मनातल्या मनात म्हणाली. आत्या, तुम्हाला माहीत असू दे.